खिडकीची चौकट : सागवानापासून यूपीव्हीसीपर्यंत

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली, म्हणजे आपल्या खिडक्यांनाही पंचवीस वर्षे झाली. बिल्डरने दिलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आता थकल्या आहेत. रोलर झिजले, रबर कडक झाले आणि जुलै आला की घरोघरी ट्रॅकपाशी जुने टॉवेल अंथरले जातात. वार्षिक सभेत विषय निघालाच, की बदलायच्या तर कशाच्या? कोणी जाड सेक्शनचे ॲल्युमिनियम म्हणाले, कोणी यूपीव्हीसी. एका काकूंनी "सागवान का नको?" असे विचारले, तेव्हा सभेत हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न अगदी योग्य वाटला. सागवान का गेले आणि त्याच्याबरोबर काय काय गेले, हे कळले तर पुढची निवड सोपी होईल.

वाड्यातली खिडकी आठवणारे आपल्यात अजून काही जण आहेत. सागवानी चौकट, उभे गज, आणि वर दोन व खाली दोन अशा चार झडपा. काच नावालाही नसे. खालच्या झडपा लावल्या की रस्त्यावरून आतले दिसत नसे, वरच्या उघड्या ठेवल्या की वारा खेळत राही. खिडकी जमिनीपासून फार उंच नसे, कारण माणसे चटईवर बसत, जमिनीवर झोपत. वारा तिथेच लागायला हवा. पावसाळ्यात लाकूड फुगे, झडप अडे, मग सुतार येऊन रंधा मारून जाई. दुरुस्ती तेवढीच.

काच तेव्हा परदेशातून येणारी महागडी वस्तू. गोव्यातल्या जुन्या घरांनी त्यावर सुरेख तोड काढली. शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या घासून लाकडी पट्ट्यांत बसवल्या. ऊन आत येते, पण सौम्य होऊन. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी पैसा पैसा जमवून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना काढला. पुढे १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. खिडकीला काच मात्र हळूहळूच आली.

खिडकीकडे सरकारचे लक्ष गेले ते प्लेगमुळे. १८९६ च्या साथीत मुंबईतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे पटापट गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडावे, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल, यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला. खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने खिडकी केवढी असावी, हा आजचा नियमही त्याच विचारातला. दमट हवामानासाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेत हे प्रमाण एक षष्ठांश आहे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फुटांची खिडकी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आले लोखंड. इंग्लंडमधल्या क्रिटॉल कंपनीने १८८४ पासून धातूच्या खिडक्या बनवायला सुरुवात केली होती. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या १९३० च्या दशकातल्या इमारतींना पोलादी खिडक्या लागल्या. चौकट बारीक, काच मोठी, उजेड भरपूर. स्वातंत्र्यानंतर आयएस १०३८ हे भारतीय मानक आले आणि सरकारी वसाहती, बँकांची क्वार्टर्स, सगळीकडे त्याच हिरव्या-करड्या रंगाच्या खिडक्या दिसू लागल्या. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी आपण कागद चिकटवला तो बहुतेक याच काचांवर. या खिडकीचा शत्रू म्हणजे गंज. गंजलेले लोखंड फुगते, त्याच्या दाबाने काच तडकते, गिलावा सुटतो. दर तीन-चार वर्षांनी घासून रंग द्या, लांबी भरा. तो कंटाळा लोकांना नको झाला.

तोवर सागवान आवाक्याबाहेर गेले होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरणे थांबवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. काकूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे ॲल्युमिनियममध्ये. बरीच वर्षे या धातूच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते; उत्पादनाचा मोठा हिस्सा विजेच्या तारांसाठी राखून ठेवावा लागे. त्यातच १९८१ मध्ये नाल्को स्थापन झाली, ओडिशात मोठा प्रकल्प उभा राहिला आणि १९८९ मध्ये नियंत्रण उठले. त्यानंतर गल्लोगल्ली सेक्शन कापून खिडक्या जोडणारी दुकाने निघाली. तळोजा आणि श्रीपेरुंबुदूर इथल्या कारखान्यांतून सपाट फ्लोट काच मिळू लागली. बिल्डरला सरकती खिडकी सोयीची पडली. झडप बाहेर उघडत नाही, म्हणून बाहेरून ग्रिल ठोकता येते आणि आत जागाही अडत नाही.

पण हिशेब मांडून बघा. दोन झडपांची सरकती खिडकी जास्तीत जास्त अर्धी उघडते. संहितेप्रमाणे २० चौरस फुटांची खिडकी लावली, तरी वारा १० चौरस फुटांतूनच येतो. वाड्यातली आणि पोलादी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडत असे. दुपारी 'एसीशिवाय बसवत नाही' अशी तक्रार आपण करतो, तिचे एक कारण या ट्रॅकमध्ये आहे.

आता यूपीव्हीसीबद्दल. हे प्लास्टिक खिडक्यांसाठी जर्मनीत १९५० च्या दशकात वापरात आले. त्याला गंज नाही, रंग लागत नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्या सुमारे हजारपट वाहते. मात्र दिवसभर खिडकी उघडीच ठेवणाऱ्याला याचा फारसा लाभ नाही. एसी चालवणाऱ्याला आहे. उन्हाने ते वाढतेही जास्त. तापमान ३० अंशांनी चढले तर दोन मीटरच्या पट्टीत चार मिलिमीटर, ॲल्युमिनियममध्ये जेमतेम दीड. म्हणून आत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असावी लागते. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख आहे का, हे आधी बघावे.

वजनाचेही भान हवे. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आठ मिलिमीटर काचेची तेवढी झडप २० किलोंवर जाते. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला ती रोज सरकवायची आहे.

माझ्या मते साहित्य कोणते, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न खिडकी उघडते किती आणि पाणी बाहेर जाते कुठून, हा. बिजागरीची पूर्ण उघडणारी झडप शक्य असेल तिथे ती घ्यावी. त्यासाठी ग्रिल बदलावी लागली तर आग लागल्यास उघडेल असे दारही त्यात ठेवून घ्यावे. सरकतीच घ्यायची तर तीन काचांची, म्हणजे दोन तृतीयांश तरी उघडेल. खालच्या ट्रॅकला पाणी जाण्याची भोके आणि बाहेरच्या बाजूला उतार हवाच. रंग आणि आकार सगळ्यांचा एकच ठेवावा, नाहीतर इमारत ठिगळे लावल्यासारखी दिसेल.

मे महिन्यात पश्चिमेकडच्या वरच्या मजल्यावर, जिथे पावसाचा मारा सर्वांत जास्त, तिथे दोन्ही प्रकारची एकेक नमुना खिडकी सोसायटीच्या खर्चाने बसवावी. गणपतीपर्यंत पाऊस पडू द्यावा. सभासदांनी जाऊन हाताने उघडून पाहावे, ज्येष्ठांनी तर नक्कीच. मगच निविदा मागवाव्यात.