तळटीप : यिर्मया २९:११

देव आपल्या लोकांच्या हिताचाच विचार करतो, असे आश्वासन देणारे हे वचन आज आजारी माणसाच्या उशाशी किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी दिलासा म्हणून सांगितले जाते. मुळात ते एका पत्रातले आहे. इ.स.पू. ५९७मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमच्या राजासह दरबारी, कारागीर आणि लोहार बाबेलला नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. दोन वर्षांत सगळे परत येतील, असे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात छातीठोकपणे सांगत होता. यिर्मयाने मात्र लिहिले : घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा, परतायला सत्तर वर्षे लागतील. ही मुदत दहाव्या ओवीत आहे आणि तिला लागूनच अकरावी येते. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायभूमी पुन्हा दिसणार नव्हती. आश्वासन होते ते साऱ्या समाजाला, येणाऱ्या पिढ्यांसकट.

मग एकट्यादुकट्याने त्याचा आधार घेऊ नये का? जरूर घ्यावा, ख्रिस्ती भाविक तो पूर्वापार घेत आले आहेत. फक्त दहावी ओवी गाळू नये. तिच्याविना हे वचन झटपट सुटकेची हमी वाटू लागते, आणि तशी हमी हनन्याची होती. बंदिवानांनाही हे पत्र गोड लागले नाही : त्यांच्यातल्या शमाया नावाच्या एकाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलट लिहून यिर्मयाला खोड्यात अडकवण्याची मागणी केली (२९:२४-२८).

— संपादक