वीरोचित सद्गुणांची कुळकथा

होमरच्या महाकाव्यात ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम रणात पडलेला आपला पुत्र हेक्टर ह्याच्याविषयी शोक करतो, तेव्हा ह्या पुत्राच्या ठायी मर्त्य कुळापेक्षा देवकुळाचाच अंश अधिक दिसत होता, अशा आशयाचे उद्गार त्याच्या तोंडून निघतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या खंडाच्या आरंभी ह्याच उद्गाराचा दाखला घेतला. मनुष्य पशुत्वापर्यंत घसरू शकतो, हे अनुभवाने सिद्ध असेल, तर त्याच्या विरुद्ध टोकालाही मानवी मर्यादा ओलांडणारी एक अवस्था असली पाहिजे, असा त्याचा विचार होता. आणि त्या अवस्थेला त्याने वीरोचित किंवा दैवी सद्गुण असे म्हटले. ह्या कल्पनेचा त्याने पुढे फारसा विस्तार केला नाही. असे असूनही कॅथलिक चर्चने पावित्र्याची परीक्षा करण्यासाठी जी कसोटी शतकानुशतके वापरली आहे, तिचा उगम एका ख्रिस्तपूर्व तत्त्वज्ञाच्या ह्या अल्पशा विधानात आणि एका पित्याच्या विलापात आहे.

ह्या कसोटीला लावले जाणारे सद्गुण सात आहेत आणि त्यांचीही घराणी दोन आहेत. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम ही चौकडी ग्रीकांची. प्लेटोने आपल्या आदर्श राज्याच्या चर्चेत ती सिद्ध केली, सिसेरोने ती रोमन गृहस्थाच्या हाती दिली, आणि अलेक्झांड्रियाच्या ज्यू परंपरेतल्या ‘शलमोनाचे ज्ञान’ ह्या ग्रंथातही ती जशीच्या तशी आढळते. श्रद्धा, आशा आणि प्रीती ही त्रयी मात्र संत पौलाची, करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातली. चौथ्या शतकात मिलानचे महागुरू आंब्रोज ह्यांनी त्या चौकडीस आधारभूत म्हणून प्रधान सद्गुणांचे स्थान दिले आणि त्यांचे शिष्य ऑगस्टीन ह्यांनी तर हे चारही सद्गुण म्हणजे ईश्वरावरील प्रीतीचीच चार रूपे होत, असे प्रतिपादन करून दोन्ही घराण्यांचे नाते जुळवले. माझ्या मते सगळ्या ख्रिस्ती नीतिविचारातला हा सर्वांत धाडसी सोयरसंबंध होय, कारण त्यायोगे नागरिकाचा न्याय आणि भक्ताची प्रीती ह्यांच्यामधली भिंत नाहीशी झाली.

परंतु सद्गुण सात आहेत हे ठरले, तरी ते किती प्रमाणात असावेत, हा प्रश्न राहिलाच. आरंभीच्या शतकांत तो उपस्थितच झाला नाही, कारण त्या काळी संत म्हणजे हुतात्मा आणि रक्ताहून मोठी साक्ष कोणती! चर्चच्या भाषेचा रिवाज आड आला नसता, तर हुतात्म्यांना आपण आपले वीर म्हटले असते, असे ऑगस्टीन ह्यांनीच एके ठिकाणी लिहून ठेवले आहे. छळ थांबला आणि तपस्वी, मठवासी, धर्माधिकारी अशा शय्येवर मरण पावलेल्या लोकांची पूजा सुरू झाली, तेव्हा मात्र निर्णयाचे दायित्व श्रद्धाळूंच्या उत्साहावर सोपवून भागेना. बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर ह्यांना स्वीडनच्या राजाला पत्र पाठवून बजावावे लागले की, मद्याच्या नशेत मारल्या गेलेल्या एका मनुष्याला तुमचे लोक संत मानून भजत आहेत, हे बंद करा. ते पत्र पुढे १२३४ च्या धर्मविधिसंग्रहात दाखल झाले आणि संतपदाचा अधिकार रोमच्या हाती जाण्यास आधारभूत ठरले.

त्याच तेराव्या शतकात, १२४६-४७ च्या सुमारास, इंग्लंडातील लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट ह्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र ग्रीकमधून समग्र लॅटिनमध्ये आणले. थोड्याच वर्षांत कोलोन येथे महान आल्बर्ट ह्यांनी त्यावर प्रवचने दिली आणि ती टिपून घेणारा शिष्य होता थॉमस अक्विनास. थॉमसनी वीरोचित सद्गुणाची ती अर्धविकसित कल्पना उचलली आणि तिला पवित्र आत्म्याच्या दानांच्या विवेचनात स्थान दिले. मनुष्याच्या स्वतःच्या प्रयत्नाने जे साधत नाही ते कृपेने साधते, आणि असे साधलेले आचरण हेच अ‍ॅरिस्टॉटलला दुरून दिसलेले ते शिखर, असा त्यांचा निष्कर्ष. हेक्टरची देवकुळाशी असलेली सोयरीक अशा रीतीने ईश्वराच्या दत्तक पुत्रत्वात विलीन झाली.

विद्यापीठातली ही कल्पना न्यायासनासमोर मात्र बऱ्याच उशिरा आली. १५८८ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस ह्यांनी उपासनाविधी आणि संतपदाची प्रकरणे ह्यांसाठी रोममध्ये एक खाते स्थापले आणि सतराव्या शतकाच्या आरंभी आविलाच्या तेरेझा ह्यांच्या प्रकरणापासून वीरोचित सद्गुणांची भाषा तेथील कागदपत्रांत रूढ होऊ लागली. १६३४ च्या आज्ञापत्राने पोप आठवे अर्बन ह्यांनी रोमच्या मंजुरीवाचून कोणाचीही सार्वजनिक पूजा करण्यास मनाई केली. पुढे असा शिरस्ता पडला की, मृत्यूनंतर पन्नास वर्षे लोटल्यावाचून सद्गुणांचा प्रश्न विचारासाठी घ्यावयाचा नाही. ह्या कामात एका वकिलाची नेमणूक होती, ज्याला लोक सैतानाचा वकील म्हणत. त्याचे काम हे की, साक्षीदारांच्या जबान्या, पत्रे, लेखन ह्यांची कसून तहकीकात करून संतपदाच्या विरुद्ध जे जे म्हणता येईल ते ते मांडावे.

ह्या वकिलीवर वीसेक वर्षे काढलेले बोलोन्याचे प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी, जे पुढे १७४० मध्ये चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले, हे ह्या कुळकथेतले सर्वांत थोर पुरुष होत. १७३४ ते १७३८ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात त्यांनी वीरोचित सद्गुणाची लक्षणे निश्चित केली. कृत्य सामान्य सज्जनांच्या शक्तीपलीकडचे, कठीण असावे. ते एकदाच घडून भागत नाही, प्रसंग येईल तेव्हा पुनःपुन्हा घडले पाहिजे. ते तत्परतेने आणि सहजपणे झाले पाहिजे. आणि ते आनंदाने झाले पाहिजे. हे शेवटचे लक्षण मला विशेष महत्त्वाचे वाटते. दातओठ खाऊन, कपाळाला आठ्या घालून केलेले परोपकार कितीही मोठे असोत, लाम्बेर्तिनींच्या न्यायालयात ते पूर्ण पुराव्याच्या मोलाचे ठरत नाहीत. शिवाय प्रत्येकाची परीक्षा त्याच्या परिस्थितीप्रमाणे: राजाकडून जे औदार्य अपेक्षावे, ते भिकाऱ्याकडून मागता येत नाही. कुपर्तिनोचे जोसेफ नावाचे संन्यासी प्रार्थनेत जमिनीवरून अधांतरी उचलले जात, असे सांगणाऱ्या साक्षी ढिगांनी होत्या. वकील ह्या नात्याने त्यांच्या प्रकरणावर आक्षेप घेणारे लाम्बेर्तिनीच होते, आणि पोप झाल्यावर १७५३ मध्ये त्यांना संतपदाच्या आधीचे धन्यपद बहाल करणारेही तेच. मधल्या काळात जे तपासले गेले, ते त्यांचे आज्ञापालन, विनय आणि सहनशीलता. उड्डाण हा सद्गुण नव्हे, हा ह्या न्यायशास्त्राचा पाया आहे. दिव्य दर्शने, भविष्यकथने, तळहातावरच्या जखमा ह्या सगळ्या गोष्टी दप्तरात नोंदल्या जात. तथापि पावित्र्याचा निर्णय त्या सात सद्गुणांवरच होई.

ह्या तत्त्वाची पूर्ण प्रचीती लिझ्यूच्या तेरेझाच्या प्रकरणात आली. पंधराव्या वर्षी मठात गेलेली ही फ्रेंच मुलगी १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिच्या मठवासात बाहेरच्या जगाने दखल घ्यावी, असे काहीच घडले नव्हते. इतके की, हिच्या मृत्युलेखात लिहायचे तरी काय, असे एका भगिनीला वाटले. धुण्याच्या वेळी समोरची भगिनी मळक्या पाण्याचे शिंतोडे अंगावर उडवी, ते तिने पुसले नाहीत. एका चिडखोर वृद्ध भगिनीला रोज हात धरून भोजनगृहात नेले. जिचा सहवास स्वभावतः नकोसा वाटे, तिच्याशीच सर्वांत अधिक हसून बोलली. पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी पन्नास वर्षांची अट तिच्यासाठी माफ केली आणि १९२१ मध्ये तिचे सद्गुण वीरोचित होते, असा निर्णय दिला. १९२५ मध्ये ती संत झाली. ट्रॉयच्या तटाखालून निघालेली वीरश्री अशा प्रकारे धुण्याच्या घाटावर येऊन पोहोचली, आणि तेथे ती मुळीच उणी पडली नाही.

आपल्या किनाऱ्यावर हौतात्म्याची आणि वीरोचित सद्गुणांची, अशा दोन्ही वाटा आढळतात. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. तो हुतात्म्याचा मार्ग, तेथे मरणच साक्ष देते. बाणावलीचे जोसेफ वाझ आणि हणजूणचे आग्नेलो डिसोझा ह्यांची वाट दुसरी. डच अमलात धर्मगुरूंना बंदी असताना वाझ हमालाच्या वेषात सिलोनात शिरले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली आणि लोकांनी आपली माणसे टाकून दिली, तेव्हा त्यांनी आपल्या नात्यातल्या एका धर्मगुरूसह रोग्यांची शुश्रूषा केली आणि १७११ मध्ये तेथेच देह ठेवला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले, तेही आणखी एका चमत्काराच्या साक्षीची वाट न पाहता. आग्नेलोंच्या चरित्रात समुद्रपर्यटन नाही, वेषांतर नाही. १९१८ पासून १९२७ पर्यंत, मृत्यूपर्यंत, ते रायतूरच्या सेमिनरीत होते. तेथे धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांचे पापनिवेदन ऐकणे आणि त्यांच्या मनाला वळण लावणे एवढेच त्यांचे काम. खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे गाऱ्हाणे पहिल्यानेच ऐकत असल्याप्रमाणे ऐकणे, हे वर्षानुवर्षे चालवणे किती अवघड आहे, ते ज्यांनी शाळेत किंवा रुग्णालयात आयुष्य काढले त्यांना सांगावे लागत नाही. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचा निर्णय देऊन त्यांना आदरणीय ठरवले. अशा निर्णयपत्राचा मजकूर ठरावीक असतो आणि राजा असो वा स्वयंपाकी, त्यात तेच शब्द येतात: ईश्वराविषयी आणि शेजाऱ्याविषयी श्रद्धा, आशा व प्रीती, तसेच विवेक, न्याय, संयम, धैर्य आणि त्यांना जोडून येणारे इतर सद्गुण ह्या व्यक्तीने वीरोचित प्रमाणात आचरले, हे सिद्ध झाले आहे.