मांडवातले गाणे फितीवर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या आगरी गावांत हळदीच्या मांडवात धवळारीण तासन्‌तास धवळे, म्हणजे लग्नगीते, गात आली. महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे १३व्या शतकातले. गानप्रकार इतका जुना. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यात अख्खा मांडव कुठून मावणार? शिवाय काय मुद्रित करायचे, ते ग्रामोफोन कंपनी ठरवी. गावच्या गायकाला ध्वनिमुद्रणाची वाट मोकळी केली ती १९८०च्या दशकातल्या कॅसेटने, असे माझे मत आहे. साठ मिनिटांची फीत, दोन बाजू, आणि एकीवरून दुसरी भरून घ्यायला कारखाना लागत नव्हता. गायक प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद घराघरांत पोचले ते याच फितीवरून.

कॅसेटमागेही कंपन्याच होत्या, एकरकमी मानधन देऊन हक्क त्या घेत, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मालकी तेव्हा आली नाही. आज आगरी-कोळी गायक यूट्यूबवर स्वतःच्या चॅनेलवरून गाणी काढतात, ती मालकी आता आली. पण गावची गाणी विकत घेऊन ऐकणारा श्रोता कॅसेटनेच घडवला होता. आता एकच मागणे: चाल धवळारणीकडून घेतली असेल, तर गाण्याखाली तिचे नाव घाला.