पोथी राखणारा आणि पोथी शिकविणारा

ग्रंथपाल व अध्यापक ह्यांचें सहकार्य हा विषय नवा भासतो; परंतु मुंबई इलाख्यांतील हस्तलिखितसंग्रहाचा इतिहास पाहतां त्याचें मूळ जुनें आहे असें दिसतें. एकोणिसाव्या शतकांत सरकारी संकलनास आरंभ झाला. त्या कार्यांतील ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर व पीटर्सन हे स्वतः संस्कृताचे अध्यापक होते. कीलहॉर्न डेक्कन कॉलेजांत शिकवीत, पोथ्या जमवीत, आणि १८८० पासून महाभाष्याची आवृत्तिही त्यांनींच प्रसिद्ध केली. शोधणारा व शिकविणारा एकच असल्यामुळें कोणत्या वेष्टनांत कोणता प्रश्न सुटेल हें त्यास दुसऱ्यास विचारावें लागत नसे.

१९१८ सालीं सतरा हजारांहून अधिक पोथ्यांचा हा संग्रह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आला, आणि राखणें व शिकविणें हीं कामें दोन हातांत गेलीं. तो सांधा जुळविण्याचें मोठें श्रेय परशुराम कृष्ण गोडे ह्यांचें होय. १९१९ पासून सुमारें चार दशकें ते संग्रहाचे क्यूरेटर होते. कपाटांच्या किल्ल्या सांभाळून ते स्वस्थ बसले नाहींत. पुष्पिकांतील शक, स्थळें व नांवें ताडून ग्रंथकारांचे काल ठरविणारे शेंकडों निबंध त्यांनीं लिहिले, व अध्यापकांच्या हातीं भरंवशाची सामग्री दिली. त्याच मंदिरांत १९१९ मध्यें आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ मध्यें पुरी झाली. तींतही पोथी राखणारे, पाठ मेळविणारे व संपादक ह्यांस एकमेकांवांचून पाऊल टाकतां आलें नसतें.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव मात्र लाजिरवाणा आहे. तीस वर्षें मीं छापील प्रतीवरून मेघदूत शिकविलें. निवृत्तीनंतर गांवच्या ग्रंथालयांत त्याच काव्याची सटीक पोथी हातीं आली. ग्रंथपाल म्हणाले, "गुरुजी, ही येथेंच होती, आपण कधीं विचारलें नाहीं." त्यांनींही कधीं कळविलें नव्हतें. दोघांच्या मौनामुळें तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांस पोथीचें एक पानही दिसलें नाहीं.

म्हणून सुचवावेंसें वाटतें कीं, अध्यापकानें सत्रारंभींच पाठ्यग्रंथांची यादी ग्रंथपालास द्यावी. ग्रंथपालानें तींतील कोणते ग्रंथ आपल्या दप्तरांत आहेत तें पुष्पिकेसह कळवावें. आणि विद्यार्थ्यांकडून निदान एका पानाचे पाठ ताडून घ्यावे. खासगी संग्राहकांनींही ह्यांत हात द्यावा. रुमालांत बांधलेली पोथी कसरीपासून वांचते. परंतु ती जिवंत राहते वाचणाऱ्यामुळेंच.