नार-पार खोरे

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा व पेठ तालुक्यांतील पश्चिमवाहिनी नद्यांचे डोंगराळ खोरे. सुरगाणा-कळवण सीमेवरील केमच्या डोंगरापाशी सह्याद्रीचा जलविभाजक आहे. त्याच्या पूर्व अंगाने गिरणा तापीकडे जाते. पश्चिम अंगाच्या नार व पार गुजरातेत उतरतात. नार पारेला मिळते आणि पार वलसाड जिल्ह्यात अरबी समुद्राला.

खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे 2,000 मिमी पाऊस पडतो. जिल्ह्याच्या पूर्वेस मालेगावकडे तो 500 मिमीच्या आसपास असतो. बसाल्टचा कठीण खडक, त्यावरचा मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार यांमुळे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. कोकणा, महादेव कोळी व वारली शेतकरी खाचरांत भात आणि वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद व खुरासणी घेतात. साग, ऐन, खैर व मोहाचे जंगल जिथे विरळ झाले आहे, तिथे पावसाबरोबर मातीही वाहून जाते.

होळीनंतर नाले आटतात. अनेक पाड्यांवर बायका कोरड्या पात्रात झिरा खणतात, पाणी पाझरेपर्यंत थांबतात आणि वाटीने हंडा भरतात. रब्बीला पाणी नसल्याने भातकापणीनंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. 2022 च्या अखेरीस सुरगाण्यातील काही सीमावर्ती गावांनी गुजरातेत समावेशाची मागणी केली, तिच्यामागे पाण्याची हीच टंचाई आणि रस्ते व आरोग्यसेवेची उणीव होती.

खोऱ्यातील पाणी इतरत्र नेण्याच्या दोन मोठ्या योजना आखल्या गेल्या. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पातील सात धरणांपैकी झरी हे नाशिक जिल्ह्यात प्रस्तावित होते. आदिवासींच्या विरोधानंतर मे 2022 मध्ये गुजरात सरकारने प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. नार-पार-गिरणा प्रकल्पाला महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली. सुमारे 7,015 कोटी रुपयांच्या या प्रकल्पात नऊ धरणांतून 10.64 टीएमसी पाणी उपसून गिरणेत सोडायचे असून नाशिक व जळगाव जिल्ह्यांतील 49,516 हेक्टर क्षेत्राला त्याचा लाभ अपेक्षित आहे. गिरणाकाठची तहान खरी आहे; पण बुडिताची झळ आणि कोरडा उन्हाळा उगमाकडील पाड्यांच्याच वाट्याला येतो. मार्च 2018 मधील नाशिक-मुंबई शेतकरी मोर्चात वनहक्कांबरोबर हाही प्रश्न मांडला गेला होता.

वनराई बंधारे, गावतळी, पाझर तलाव व समतल चर यांनी उतारावरचे पाणी व माती जागीच अडवता येतात. मोठ्या धरणांच्या आराखड्यात उगमाकडील गावांचा पिण्याच्या व सिंचनाच्या पाण्यावरील पहिला हक्क ठरवणे तितकेच गरजेचे आहे.