दप्तर कोणाचें?



मराठी घरांत ‘दप्तर’ हा शब्द लहान मुलाच्या पाठीवरही असतो आणि सरकारी कचेरीच्या फडताळांतही असतो. तो आपल्याकडे फारशीमधून आला, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील ‘कातडें’ या अर्थाच्या शब्दांत आहे. ज्यावर लिहावयाचें तें कातडें, मग त्यावरील लेख, मग लेखांचा गठ्ठा, आणि शेवटीं तो गठ्ठा सांभाळणारी कचेरी, अशी या शब्दाची बढती होत गेली. आज हा गठ्ठा कागद सोडून यंत्रांत शिरला आहे. जन्माचा दाखला, शेताचा उतारा, शिधापत्रिका, दवाखान्यांतील नोंद, हें सारें सरकार आतां संगणकांत ठेवतें. आणि अशा माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं आपल्या देशानें एक स्वतंत्र कायदाही केला. कित्येक लोक या कायद्याकडे अगदीं नवी, परदेशांतून आलेली गोष्ट म्हणून पाहतात. माझें म्हणणें असें कीं, यंत्र नवें असलें तरी प्रश्न जुना आहे. दप्तर कोणाचें? लिहिणाऱ्याचें, कीं ज्याच्याविषयीं लिहिलें त्याचें?

आपल्या शहरापासूनच आरंभ करूं. १६१० सालीं खडकी या गांवीं मलिक अंबरानें हें नगर वसविलें. त्याच्या मागें, १६२६ मध्यें, त्याचा मुलगा फत्तेखान यानें त्यास फत्तेनगर म्हटलें, १६५३ मध्यें औरंगजेबानें औरंगाबाद हें नांव दिलें, आणि २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर झालें. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याचा गनिमी कावा आणि त्याची नहर यांची आठवण लोकांस आहे. परंतु त्याचें तिसरें काम जमाबंदीचें होतें. वसुलाचा मक्ता देण्याची चाल त्यानें मोडली, जमिनीची पाहणी करवून तिची प्रतवारी ठरविली, आणि पिकाकडे पाहून सारा बसविला. मक्तेदाराच्या मर्जीऐवजीं लिहिलेला आंकडा आला, हा रयतेचा लाभच होता. कोणतें शेत कोणाचें व त्याचें देणें किती, हें लिहिलेलें असलें म्हणजे जुलमाला थोडा तरी लगाम बसतो. दप्तराचा पहिला गुण हा होय, आणि पुढील सर्व विवेचनांत तो विसरूं नये.

परंतु दप्तराचा दुसरा गुण असा कीं, तें ज्याच्या घरीं असतें त्याचें बळ वाढवितें. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं, त्याची लिपि मोडी, आणि तें वतनानें बापाकडून मुलाकडे जावयाचें. आपल्या नांवापुढें काय मांडलें आहे, हें शेतकऱ्याला त्या घरावांचून दुसरीकडे कळत नसे. सावकाराच्या वहीचीही तीच गत होती. खत लिहिणारा सावकार, जपून ठेवणारा सावकार, व्याज मांडणारा सावकार. कुणब्याचें काम काय तें अंगठा उठविण्याचें.

याचा परिणाम आपल्या शेजारच्या इंग्रजी मुलखांत १८७५ सालीं दिसून आला. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारांत शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरलें. या दंग्यांचें वैशिष्ट्य असें कीं, माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षां लोकांचा सारा रोंख कागदांवर होता. खतें व दस्तऐवज हिसकावून घ्यावयाचे आणि जाळून टाकावयाचे, हाच बहुतेक ठिकाणचा उद्योग. निरक्षर मनुष्याला त्या कागदाचें सामर्थ्य पुरतें कळलें होतें. त्यावर त्याचा हक्क मात्र कांहींच नव्हता.

सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांतील दोन तजविजी आज मुद्दाम ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारापुढें व्हावें, म्हणजे लिहिलेल्या मजकुराला त्रयस्थ साक्षी मिळावा. दुसरी अशी कीं, दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचें हिशेबाचें टिपण आणि मागितल्यास पासबुक मिळणें हा ऋणकोचा हक्क ठरला. माझ्याविषयीं तूं काय लिहिलें आहेस तें मला दाखीव, असें धनकोला म्हणण्याचा अधिकार शेतकऱ्यास कायद्यानें मिळाला. आज माहिती-संरक्षणाच्या नांवाखालीं जें सांगितलें जातें, त्याचें बीज मला या पासबुकांत दिसतें.

आपला मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें हा कायदा येथें लागू नव्हता. येथील दप्तराची अडचण निराळी होती. रयतेची भाषा मराठी. राज्याची कचेरी आधीं फारशींत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उर्दूंत चालूं लागली. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, पुढें मराठवाडा मराठी राज्यांत आला, पण जुनीं दप्तरें त्याच लिप्यांत राहिलीं. आजही जमिनीच्या कज्ज्यांत १९५४-५५ चें खासरा पत्रक काढावें लागतें, आणि त्यामागें जावयाचें तर उर्दू जाणणारा मनुष्य गांठावा लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्यें या जुन्या दप्तरांस एकाएकीं महत्त्व आलें. मराठा समाजांतील ज्या कुटुंबांच्या पूर्वजांची नोंद कुणबी अशी सांपडेल त्यांस तसें प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धति ठरविण्यासाठीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून महसुलाचे, शाळांचे व इतर खात्यांचे जुने कागद बाहेर निघाले. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. सांपडलेल्या नोंदींच्या प्रतिमा घेऊन त्या जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवरही ठेवण्यांत आल्या. आरक्षणाच्या वादांत मी शिरत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहींत मुलाच्या नांवापुढें जात लिहिणाऱ्या त्या जुन्या मास्तरास, आपला हा एक शब्द शंभर वर्षांनीं एका घराण्याचें भवितव्य ठरवील, याची कल्पनाही नसेल. अशीं रजिस्टरें मीं पुष्कळ वर्षें लिहिलीं आहेत. एक रकाना भरावयास एक क्षण लागतो, पण त्याचें आयुष्य लिहिणाऱ्याच्या आयुष्याहून मोठें असतें.

येथें ती जुनी नोंद मनुष्य स्वतः मागत होता, म्हणून ती त्याच्या उपयोगी पडली. तीच नोंद त्याच्या पाठीमागें, त्याच्या विरुद्ध वापरली गेली तर काय होतें, याचें उदाहरण हॉलंडांत घडलें. तेथील नागरिकांच्या नोंदवहींत धर्माचा रकाना होता. शांततेच्या काळांत तो निरुपद्रवी वाटला. १९४० मध्यें जर्मन फौजा आल्या, आणि ज्यू कुटुंबें हुडकून काढण्यास हीच व्यवस्थित दप्तरें कामास आलीं. तेव्हां २७ मार्च १९४३ च्या रात्रीं कांहीं देशभक्तांनीं पोलिसांचा वेष घेऊन ऍम्स्टरडॅमची नोंदणी-कचेरी पेटविली. सर्व कागद जळाले नाहींत, आणि त्यांपैकीं बारा जणांस पुढें १ जुलै रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या. सुप्याच्या शेतकऱ्यानें खत जाळलें आणि ऍम्स्टरडॅमच्या कलावंतांनीं नोंदवही जाळली. दोहोंचें कारण एकच, कीं ज्याची माहिती त्याचा तिच्यावर ताबा उरला नव्हता.

स्वतंत्र भारताला याची जाणीव आरंभापासून होती. १९४८ च्या शिरगणतीच्या कायद्यांत असें ठरविलें आहे कीं, शिरगणतींत दिलेली माहिती पाहण्याचा कोणास हक्क नाहीं, आणि त्या कायद्याखालील गुन्हे वगळतां ती न्यायालयांत पुरावा म्हणून चालणार नाहीं. मनुष्यानें दाराशीं आलेल्या प्रगणकास खरें सांगावें, तर तें सांगणें त्याच्यावर उलटणार नाहीं याची हमी प्रथम द्यावी लागते. पुढील शिरगणतीचा संदर्भ-दिन १ मार्च २०२७ हा ठरला असून ती प्रथमच यंत्राच्या साहाय्यानें व्हावयाची आहे. त्या वेळीं ही हमी घरोघरीं माहीत असली पाहिजे.

आतां यंत्रयुगाकडे येऊं. आधार क्रमांकांचें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं झालें. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा सरकारजमा झाली. पुढें प्रश्न न्यायालयांत गेला. निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ति बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनें जुलै २०१८ मध्यें अहवाल व कायद्याचा मसुदा दिला. मध्यंतरीं मसुदे बदलले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळून कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले. बहुतेक मुख्य बंधनांस मात्र अठरा महिन्यांची मुदत आहे.

या कायद्यानें माहिती जमविणारास विश्वस्त मानिलें आहे. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हें आपल्या देवस्थानांच्या कारभारावरून कोणासही कळेल. माहिती कशासाठीं घेतों तें त्यानें आधीं सांगावें, आणि तें सांगणें मराठींतही मागतां यावें. संमति घ्यावी आणि ती परत घेण्याची सोय ठेवावी. चूक दुरुस्त करावी. हेतु संपल्यावर माहिती पुसावी. रक्षणांत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

परंतु या वस्त्राला दोन ठिकाणीं उसवण आहे. दाखले, परवाने, सवलती व सेवा देण्यासाठीं सरकारला पूर्वीं जमविलेली माहिती नवी संमति न घेतां वापरतां येते. आणि देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं केंद्र सरकार आपल्या एखाद्या खात्यास या कायद्यांतून सर्वस्वीं वगळूं शकतें. दुसरें असें कीं, याच कायद्यानें २००५ च्या माहिती-अधिकाराच्या कायद्यांतील एक कलम बदललें. पूर्वीं वैयक्तिक माहिती नाकारतांना, तिचा सार्वजनिक कामाशीं संबंध आहे कीं नाहीं हें त्या कलमाखालींच तपासावें लागे. आतां तें कलम वैयक्तिक माहितीला सरसकट सूट देतें, आणि अर्जदाराचा आधार उरला तो सार्वजनिक हिताच्या दुसऱ्या कलमाचा. रयतेच्या घरावर पडदा असावा, कचेरीच्या कारभारावर नसावा. हे दोन कायदे एकमेकांचे वैरी होऊं नयेत, हें पाहणें महाराष्ट्राचें विशेष कर्तव्य आहे; कारण माहितीच्या हक्काची चळवळ येथें जोरानें झाली आणि २००२ सालींच राज्याचा स्वतःचा कायदा झाला होता.

शेवटीं, दप्तर यंत्रांत घालण्याचें काम ज्यांच्यावर सोपविलें जातें त्यांनीं तें कसें चालवावें? याचा उत्तम धडा आपल्या सातबाऱ्यानेंच दिला आहे. हातानें लिहिलेले उतारे संगणकांत उतरवितांना कोठें नांव गळलें, कोठें क्षेत्राचा आंकडा चुकला. तेव्हां २०१७ सालीं गांवोगांवीं चावडी-वाचन झालें. तलाठ्यानें उतारे लोकांसमोर मोठ्यानें वाचावे आणि ज्याचें शेत त्यानें चूक सांगावी, अशी ती रीत. त्यानंतर १ मे २०१८ पासून यंत्रानें सही केलेला उतारा मिळूं लागला. आधीं वाचन आणि मग शिक्का, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. यंत्र खरेदी करण्यापूर्वीं अधिकाऱ्यानें कागदावर लिहावें कीं, ही माहिती कोणत्या कामासाठीं हवी, त्यांतील कोणता रकाना नसला तरी चालेल, ती कोण पाहूं शकेल, आणि ती केव्हां नष्ट होईल. चूक दुरुस्त करण्याची खिडकी पहिल्या दिवसापासून उघडी असावी. सातबारा सर्वांस पाहतां यावा हें योग्य आहे, कारण जमिनीचा व्यवहार उघड असावा लागतो. पण एखाद्या बाईच्या आजाराची नोंद त्याच मोकळेपणानें ठेवणें हा अपराध आहे. कोणता कागद चावडीवरचा आणि कोणता पेटींतला, हा विवेक यंत्राला नसतो. तो कारकुनाला शिकवावा लागतो.

आणि आपण, घरांत बसून हें ऐकणारीं माणसें? कचेरींत, बँकेंत, दवाखान्यांत अर्ज भरतांना आपण निमूटपणें सर्व रकाने भरतों. यापुढें हें कशासाठीं हवें, कोणास दाखविणार, आणि मला त्याची नक्कल मिळेल काय, असें शांतपणें विचारावें. सुप्याच्या शेतकऱ्याला असें विचारण्याचा हक्क नव्हता, म्हणून त्याला आग लावावी लागली. आपल्याला हक्क मिळाला आहे. आतां विचारण्याची संवय मात्र लावून घेतली पाहिजे.