ठासणीची बंदूक : बार, नळी आणि वेग

ठासणीची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून, ती गजाने ठासून भरली जाणारी बंदूक. या बंदुकीस तयार काडतूस लागत नाही. प्रत्येक बारासाठी दारू किती घ्यावी, गोळी किती वजनाची असावी आणि ती किती घट्ट ठासावी, हे बंदूक चालविणारा स्वतःच ठरवितो. दारूचे प्रमाण, गोळीचे वजन व नळीची लांबी यांचा मेळ बसला, तरच गोळीस पुरेसा वेग मिळतो. तो चुकल्यास गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही किंवा नळी फुटून चालविणाराच जायबंदी होतो. हा मेळ साधण्याचे काम प्रथम बंदूकधाऱ्याच्या हाती होते. पुढे ते पलटणीच्या आणि अखेरीस कारखान्याच्या हाती गेले. या स्थित्यंतराचे महत्त्वाचे टप्पे वऱ्हाडात, विशेषतः आजच्या बुलढाणा जिल्ह्यात व त्याच्या परिसरात झालेल्या लढायांच्या संदर्भात पाहता येतात.

दारू व नळी : बंदुकीच्या दारूत सोरा, कोळसा व गंधक हे घटक असून सोऱ्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. या जिल्ह्यातील लोणार येथे काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात आणि सोऱ्याच्या उत्पादनापासून सरकारास चांगला महसूल येतो, अशी नोंद अबुल फज्ल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात आहे.

याच ग्रंथात बंदुकीच्या नळ्यांविषयीही माहिती मिळते. पूर्वीच्या नळ्या चतुर्थांशापेक्षा जास्त भरता येत नसत. अकबराच्या कारखान्यात लोखंडी पत्र्याची कागदाप्रमाणे तिरपी गुंडाळी करून व ती तापवून एकजीव करण्याची पद्धत आल्यावर, काठोकाठ भरूनही न फुटणाऱ्या नळ्या तयार होऊ लागल्या. लांब बंदूक दोन गजांची, तर आखूड बंदूक सव्वा गजाची असे. इलाही गज सु. ८३ सेंमी. धरल्यास या लांबी अनुक्रमे १६६ व १०४ सेंमी. होतात. लांब बंदुकीसाठी गोळीचे वजन २५ टांक, तर आखूड बंदुकीसाठी १५ टांक ही मर्यादा होती. यावरून नळीची लांबी व गोळीचे वजन यांची सांगड अनुभवाने घातली गेली होती, हे स्पष्ट होते.

नळीची लांबी व वेग : दारू पेटताच तिचा वायू होऊन तो गोळीस पुढे रेटतो. गोळी नळीत असेपर्यंतच हा रेटा मिळत असल्याने नळी लांब असेल, तर वेग वाढतो. परंतु गोळी जसजशी पुढे सरकते, तसतशी वायूस व्यापण्यास अधिक जागा मिळून त्याचा दाब उतरत जातो. त्यामुळे नळीच्या प्रत्येक वाढीव वितीमागे वेगात पडणारी भर कमी कमी होते. शेवटी घर्षण व बाहेरील हवेचा विरोध हे रेट्याच्या बरोबरीस येतात. त्यापुढे नळी वाढविल्यास वेग उलट घटतो.

या विषयास शास्त्रीय बैठक इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये दिली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळ्याच्या झोक्यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याने योजली आणि दारूचे प्रमाण व नळीची लांबी यांवरून वेग काढण्याचे सूत्र मांडले. या सूत्रानुसार नळीतील ५ सेंमी. जागा दारूने व्यापली असेल, तर तीच दारू कायम ठेवून नळी ५० सेंमी. ऐवजी १०० सेंमी. केल्यास वेग दुप्पट न होता केवळ सु. १४ टक्क्यांनी वाढतो. इंग्रजी पायदळाच्या बंदुकीची नळी अठराव्या शतकात क्रमाक्रमाने ४६, ४२ व ३९ इंच अशी आखूड होत गेली. वेगातील अल्प घट पतकरून हलकी, सुटसुटीत व स्वस्त बंदूक मिळविणे सैन्यास अधिक फायद्याचे होते.

बुलढाणा परिसरातील लढाया : सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. बाजीराव पेशव्यांची निजामास साथ होती. मुबारिझखान मारला गेला, दक्षिणेत निजामाची सत्ता पक्की झाली आणि गावास फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. या काळी दख्खनच्या फौजांतील पायदळाची भिस्त सामान्यतः तोड्याच्या बंदुकीवर होती. शिंगाड्यातून दारू ओतणे, गोळी ठासणे, कानाशी रंजक घालणे व जळता तोडा सांभाळणे या क्रिया प्रत्येक बरकंदाज आपल्या अंदाजाने करी. लांब नळीमुळे त्याचा पल्ला चांगला असे. पण भरणीस वेळ लागे आणि पावसात तोडा विझे.

डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेड येथे मराठे व निजाम अली यांच्यात पुन्हा संघर्ष झाला. रामचंद्र जाधव यास वेढ्यातून सोडविण्यासाठी निजाम अली आला होता. विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या फौजेने त्यास कोंडीत पकडले. तहात नळदुर्ग किल्ला व २५ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. या सुमारास निजाम अलीच्या चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी लवकरच पेशव्यांकडे आला व १७६० मध्ये उदगीर येथे मराठ्यांच्या बाजूने लढला. फ्रेंच पद्धतीने कवाईत शिकलेल्या गारद्यांकडे चकमकीच्या बंदुका असत. मोजलेली दारू व गोळी कागदात गुंडाळून केलेले काडतूस हे या पद्धतीचे मर्म होते. मापाचा निर्णय आता रणांगणावर होत नसून आधीच कोठारात होऊ लागला. कसलेला शिपाई मिनिटास दोन ते तीन बार काढू शके आणि सर्वांचे बार सारख्या ताकदीचे असत.

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, तर आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने मराठी फौजांचा पराभव केला. असई येथे शिंद्यांच्या पलटणींकडेही चकमकीच्या बंदुका व उत्तम तोफा होत्या. तेव्हा त्या पराभवाचे कारण शस्त्रांच्या निकृष्टतेत सापडत नाही. नेतृत्व, शिस्त व ऐन वेळी चाकरी सोडून गेलेले यूरोपीय अधिकारी यांचा विचार करावा लागतो.

काडतूस व कारखाना : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचे काडतूस व मागून भरण्याची बंदूक आल्याने ठासणीची पद्धत सैन्यातून गेली. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी सु. ८४ सेंमी. होती व गोळीचा वेग सेकंदास सु. ४०० मी. होता. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारूचा शोध लागला. ही दारू जास्त ऊर्जा देते व तिचे ज्वलन नियंत्रित करता येते. त्यामुळे ली-एन्फील्ड रायफलीची नळी अवघी ६४ सेंमी. असूनही तिच्या १९१० च्या काडतुसाने सेकंदास सु. ७४४ मी. वेग गाठला. नळी आखूड होऊनही वेग वाढला, तो दारूच्या गुणामुळे व लहान, हलक्या गोळीमुळे होय.

महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, तर बुलढाण्याशेजारील जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहेत.

कायदा : वापरलेली काडतुसे हाताने पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत व यूरोपातील काही देशांत रूढ आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही आणि बंदुकीची नळी आखूड करण्यासही परवाना लागतो. संरक्षण वा खेळ यांसाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देताना नळी किमान २० इंच लांब असावी, अशी अट या अधिनियमात आहे. ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मात्र पिकांच्या राखणीसाठी स्वतंत्रपणे केलेला आहे. रणांगणावरून हद्दपार झालेल्या या शस्त्रास कायद्यात जागा उरली, ती शेताच्या बांधावर. तेथे दारूचे माप अजूनही भरणाऱ्याच्या हाती असल्याने चुकीची किंमतही त्यालाच मोजावी लागते.